भाकरी फुगली, आता हसा

पोटाच्या ऑपरेशननंतर पेशंटला हसवू नये, हे मी नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी शिकले. आमचे घरत सर नेमकं तेच करतात. पेशंट नीट शुद्धीवर आला की खुर्ची ओढून कॉटशी बसतात आणि विनोद सांगतात. विनोद तरी कसले, शिळ्या भाताला लाज वाटावी असे. पण पेशंट हसला आणि हसताना त्याचा हात पोटाकडे गेला नाही, की स्वारी खूश. ही त्यांची तपासणी.

सर भुलीचे डॉक्टर, राहायला मुरूडला. श्रीवर्धनच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात ऑपरेशन असलं की आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत चढवतात, दिघीला उतरवतात आणि इकडे येतात. पुढच्या सीटवर त्यांचं सोनोग्राफीचं मशीन बसतं, गोधडीत गुंडाळलेलं, वर पट्टा लावलेलं. एकदा मी त्यांच्या गाडीतून मुरूडला निघाले तर मला मागे बसवलं. "रागवू नका सिस्टर. धक्का बसला तर तुम्ही बोलून दाखवता, ते बिचारं बोलत नाही."

पण त्या मशीनवर त्यांचा हात चालताना बघावं. पेशंट अजून गाढ भुलीत असतो. बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामध्ये कुशीवर सर मशीनचा दांडा टेकवतात. पडद्यावर पोटाच्या स्नायूंचे थर दिसतात, एकावर एक. सुई हळूहळू आत जाते आणि दोन थरांच्या बरोबर मध्ये थांबते, कारण पोटाच्या भिंतीच्या नसा तिथून जातात. मग औषध सोडलं की ते थर अलगद सुटे होतात, तांदळाच्या भाकरीचे पापुद्रे सुटावेत तसे. सर पुटपुटतात, "भाकरी फुगली." मग दुसरी कूस. इतकी वर्षं बघतेय, तरी त्या क्षणी मी हातातलं काम सोडून पडद्याकडे बघते. एवढंसं पाणी, आणि चिरलेलं पोट गप्प बसतं.

कधी कधी ते फारच गप्प बसतं. सुपारीच्या वाडीतले एक आजोबा ऑपरेशननंतर विचारत होते, मला आत कधी नेणार? झालं म्हणून सांगितलं तर ऐकेनात. पोटावरची पट्टी दाखवली, तर म्हणाले, "पट्टी काय, कोन पन चिकटवंल." सरांनी त्यांना समजावलं, "आजोबा, ओटीवरचं दार, म्हणजे पोटाची भिंत, मी बंद केलीय. माजघरात, म्हणजे आत, थोडं दुखेल, तेवढं सोसा." संध्याकाळी माजघरात दुखलं, तेव्हा कुठे आजोबांची खात्री पटली.

सरांचा एक विनोद मात्र आम्ही कुणीच पुरा ऐकला नव्हता. दिघीला जायला एक म्हातारा बकरी घेऊन होडीत चढतो आणि बकरीचं तिकीट काढतो, इथवर यायचे आणि "जाऊ दे ते" म्हणून दुसराच सुरू करायचे. आम्ही म्हणायचो, विसरत असतील, वय झालं.

मग माझ्या आईच्या आतड्याला पीळ पडला. पोट उभं चिरावं लागलं. सरांनी दोन्ही कुशींची भाकरी फुगवली, सगळं नीट झालं. पण आईची छाती जन्मभर चुलीच्या धुरात गेलेली. आमचे सर्जन मला बाजूला घेऊन म्हणाले, "खोकून कफ बाहेर आला पाहिजे. छातीत साचला, तर या वयात अवघड आहे." आणि आई खोकायलाच तयार नाही. दुखत नव्हतं तिला. टाके सुटतील, ही भीती. लेकीचंच शिक्षण तिने पदराला बांधलेलं: हसायचं नाही, खोकायचं नाही, पोट धरून पडून राहायचं. ती श्वास घेताना छातीत घरघर ऐकू यायची. इतक्या पेशंटांना धीर देणारी मी, आईपुढे नुसत्या उशा सारख्या करत राहायचे.

सर खुर्ची ओढून बसले. होते नव्हते ते सगळे विनोद सांगून झाले. आई देवळातल्या मूर्तीसारखी बघत राहिली. शेवटी सर म्हणाले, "दिघीला जायला एक म्हातारा बकरी घेऊन होडीत चढला. बकरीचं तिकीट काढलं..." आणि थांबले.

"मंग?" आई म्हणाली.

"जाऊ द्या मावशी."

"अर्धं सांगून उठू न्हये. काय झालं मंग?"

सर खाली बघत म्हणाले, "हा विनोद मी माझ्या आईला सांगत होतो. तिचंही पोट चिरलेलं. मी तेव्हा कॉलेजात. ती हसायला लागली आणि पोट धरून कळवळली. म्हणाली, नको रे हसवूस, दुखतंय. उरलेलं उद्या सांग." मग म्हणाले, "ती खोकलीच नाही. कफ साचला. उद्या काही सांगायला मिळालं नाही."

मी मान वळवली. मला ते बघवेना.

आईने त्यांच्या हातावर हात ठेवला. "मंग मला सांग."

सरांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "होडीवाला म्हणाला, बकरीचं तिकीट झालं, आजोबा, तुमचं कुठाय? म्हातारा म्हणाला, मला कुठं जायचंय? मी हिला पोचवायला आलोय."

आईचे खांदे हलले. हसता हसता तिला जो खोकला सुटला, तो थांबेना. मी तस्त पुढे धरलं, त्यात घट्ट कफ पडला, पुन्हा पडला. छातीतली घरघर मोकळी होत होती. तिचे दोन्ही हात अंथरुणावर होते.

"दुखलं का?" सरांनी विचारलं.

"न्हाय."

"हसताना? जरासुद्धा?"

"न्हाय रे बाबा. आता तू हस."

सर हसले. हसताना त्यांनी दोन्ही हातांनी आपलं पोट घट्ट धरलं होतं.