येताना वाढणाऱ्याला घेऊन यावे

पंगतीत नको म्हणायला आपण आपल्याच ताटावर हात आडवा धरतो. आमच्या समोरच्या कदमकाकू तो शेजाऱ्याच्या ताटावर धरतात. परवा चिखलीच्या लग्नात वाढपी जिलेबी घेऊन आला, तर माझ्या ताटावर यांचा हात. माझी जिलेबी पलीकडच्या माणसाला गेली. तिथवर हात पोचला नाही म्हणून काकू हळहळल्या.

काकू मूळच्या लातूरच्या. पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीत आल्या त्या आग्रहासाठीच गाजल्या. सिलिंडर द्यायला आलेला माणूससुद्धा दोन धपाटी खाल्ल्याशिवाय सुटायचा नाही. अशा बाईनं पन्नाशीत आहारसल्ल्याचा कोर्स केला, परीक्षा दिली आणि दारावर पाटी लावली: 'आहार व वजन सल्ला. येताना वाढणाऱ्याला घेऊन यावे.' सोसायटी हसून लोळली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं माझी आईच सगळ्यांना सांगत सुटली.

तीन महिने कुणी फिरकलं नाही. काकू मात्र रोज दहाच्या ठोक्याला इस्त्रीची साडी नेसून, वजनकाटा पुसून, कोरी वही उघडून बसायच्या. कुणी खवचटपणे चौकशी केलीच तर म्हणायच्या, "येतील की. पोट कुठं जातंय?"

शेवटी गेलो मी. चाकणच्या कंपनीत वार्षिक तपासणी झाली आणि माझ्या कागदावर लाल शाईच जास्त दिसली. काय खातोस, किती खातोस, काकूंनी काही विचारलं नाही. "घरी वाढतंय कोण?" आई, म्हटलं. "मग तू कशाला आलास? त्यांना आण."

आई दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी दुपारी पदर खोचून, मला ओढत काकूंकडे भांडायलाच आली. "लेकराला पोटभर घालायचं नाही, तर आईनं करायचं काय?"

काकूंनी वाद घातला नाही. कदमकाका कंपनीतली पहिली पाळी करून नुकतेच आले होते. त्यांना बोलावून पाय दाखवायला सांगितला. डाव्या पायाला दोन बोटं नव्हती. साखरेनं गेली, म्हणाले.

"पंचवीस वर्षं मी 'माझ्यासाठी एक' म्हणत वाढत गेले," काकू म्हणाल्या. "हे एकदासुद्धा नको म्हणाले नाहीत हो. मला वाईट वाटेल म्हणून."

काका ओशाळले. स्वयंपाकच तसा होता, असं काहीतरी पुटपुटले. मला तर कुठं बघावं कळेना.

आईचा पदर कधी सुटला, तिलाही कळलं नाही. मग काय करायचं, तिनं अगदी हळू विचारलं.

"शेजारी बसायचं. बोलायचं. वाढण्यापेक्षा अवघड हाय ते. मलाच अजून नीट जमंना."

वहीत पहिलं नाव पडलं ते माझ्या आईचं.

आम्ही उठत होतो तेवढ्यात काका जेवायला बसले. एक भाकरी संपली आणि त्यांची नजर टोपलीकडे वळली. काकूंचा हात ताटावर आला. मग नव्या नवरीसारखं अडखळत त्यांनी विचारलं, "आज कंपनीत काय झालं?"

काकांनी चमकून पाहिलं. मग कुठल्याशा बिघडलेल्या मशीनचं सांगायला लागले. काकूंना त्यातलं काही कळत नसावं, पण त्या मान डोलवत होत्या. काका सांगत राहिले, हात धुवायचंही विसरले. काकूंनी ताटावरचा हात काढला नाही, आणि भाकरीही मागितली गेली नाही.