डोमाजी टेलरांचे दोन पाय

डोमाजी टेलर झोपण्याआधी स्वतःच्या पायांना नमस्कार करतात.

देवाचं आधीच आटपलेलं असतं. मग अंथरुणावर बसून दोन्ही पाय समोर पसरायचे, वाकून दोन्ही अंगठ्यांना हात लावायचा आणि म्हणायचं, "बापा हो, आज रातभर शांत राहा. सकाळी जे म्हणान ते करतो." पाय त्यावर काही बोलत नाहीत. त्यांना जे सांगायचं असतं ते डोमाजींचा डोळा लागल्यावर सांगतात.

हा नमस्कार मी पहिल्यांदा पाहिला तो दिघोरीला, एका लग्नात. मी साकोलीत शाळामास्तर. डोमाजींचं शिलाईचं दुकान आणि त्यामागचं घर माझ्या भाड्याच्या घराला अगदी लागून. गल्लीतल्या एका मुलाच्या वरातीत आम्ही दोघंही गेलो होतो आणि रात्री सगळ्या पुरुषमंडळींची एका सभामंडपात, सतरंज्यांवर ओळीनं सोय केली होती. स्वतःच्या पायांना हात जोडणारा माणूस पाहून मला वाटलं, केवढा हा सत्पुरुष! नवरदेवाच्या मामांनाही तसंच वाटलं असावं. ते मुद्दाम आपली उशी उचलून डोमाजींच्या शेजारी येऊन झोपले.

सकाळी मामा दाराशी, चपलांच्या ढिगात सापडले. चांगले भरभक्कम मामा. रात्री सतरंजीच्या मधोमध होते. उजाडेपर्यंत इंचाइंचानं सरकत त्यांनी सगळा मंडप ओलांडला होता.

"मले रातभर कोण लाता मारून राहिलं होतं?" कमरेला हात लावत त्यांनी विचारलं.

डोमाजी उभ्यानं चहा पीत होते. अजिबात न गडबडता म्हणाले, "आपला दोष नाही, मामाजी. मी हालवून नाही राहिलो, थे हालून राहिले होते."

'थे' म्हणजे पाय. डोमाजी आपल्या पायांबद्दल नेहमी असंच बोलतात, जणू दोन दूरचे नातेवाईक मुक्कामाला आले आहेत आणि जायचं नाव काढत नाहीत. "आज थे लयच बिघडले." "काल थ्याइनं मले बसू नाही देल्लं." एकदा तर पायांवर इतके चिडले की दिवसभर चप्पलच घातली नाही. "भोगू दे थ्याइले," म्हणाले. संध्याकाळी काटा भरला तेव्हा तो मात्र डोमाजींनाच भोगावा लागला.

त्रास काय तो त्यांनी मला समजावून सांगितला होता. दिवसभर बरं असतं. दिवेलागण झाली, माणूस जरा निवांत बसला, की पोटऱ्यांच्या आत काहीतरी सुरू होतं. "मुंग्या येतात का?" मी विचारलं. "मुंग्या कायच्या, गुरुजी! मुंग्याइची वरात असते, बँडबाजासकट. हाडाच्या अंदर खाजते आन हात तं बाहेर राहते. सांगा, कुठी खाजवाचं?" पाय हलवले, चार पावलं चाललं की थांबतं. बसलं की पुन्हा वरात. आणि झोप लागली की पाय मालकाला न विचारता काम सुरू करतात. आधी अंगठा वर उचलला जातो, मग घोटा वळतो, मग गुडघा, आणि मग लाथ. थोडी विश्रांती. पुन्हा अंगठा.

त्यामुळे संध्याकाळी डोमाजींशी गप्पा मारायच्या म्हणजे चालायची तयारी ठेवावी लागते. ते माझ्याकडे चहाला येतात आणि कप हातात घेऊन अंगणात फेऱ्या मारतात. यजमान म्हणून मलाही मागून जावं लागतं. एका चहात आमचं सगळं राजकारण होतं आणि माझं अर्धा किलोमीटर चालणं. दिवाळीनंतर गावोगाव नाटकं लागतात, ती सगळी डोमाजी पाहतात, पण खुर्चीवर बसून एकही नाही. कनातीच्या कडेकडेनं फिरत राहतात. नायिका रडत असली की ते डावीकडे असतात, खलनायक येतो तेव्हा उजवीकडे. लोक त्यांना व्यवस्थापक समजून भांडायला येतात, "काहो, आवाज येऊन नाही राहिला!" डोमाजी गंभीरपणे "पाहतो" म्हणतात आणि पुढच्या फेरीला निघतात.

पायमशीन चालवून चालवून पायांना सवय लागली, असं गल्लीचं ठाम मत होतं. दिवसा शिवतात ते रात्रीही शिवतात. आंधळगावच्या जावयालाही हे पटलं आणि त्यानं मोठ्या प्रेमानं सासऱ्यांच्या मशीनला मोटर बसवून दिली. आता पायांना काही कामच उरलं नाही. आठ दिवसांत डोमाजी दुकानात येरझाऱ्या घालत काज करू लागले. नवव्या दिवशी त्यांनी मोटर काढली, पुसली, कापडात गुंडाळली आणि जावयाला परत पाठवली. सोबत निरोप, "मोटर चांगली हाय. पाय बेकार हायेत."

उपाय तर सगळ्या गावानं सांगितले. कोणी मोहरीचं तेल, कोणी तळपायाला कांदा. एकानं सांगितलं, पाय दुपट्ट्यानं एकमेकांना बांधून झोपा. डोमाजींनी बांधले. आता दोन्ही पाय मिळून लाथ मारू लागले. दुसरा म्हणाला, पायांवर वाळूची पिशवी ठेवा. सकाळी दुकानभर वाळू होती आणि डोमाजी झाडू मारत होते. त्यांची चादर पाहण्यासारखी होती. टाचांनी फाटायची, ते स्वतःच ठिगळ लावायचे. शेवटी मूळची चादर कुठली ते त्यांनाही सांगता येईना.

हो, दुकानात झोपायचे ते. जवळजवळ तीस वर्षं. मागे चांगलं घर, घरात बायको, आमच्या कौतिकाकाकू, आणि हे दुकानात कापडाच्या कतरणीच्या गादीवर. कोणी विचारलं तर म्हणायचे, "राखण लागते." दुकानात चोरण्यासारखं म्हणजे शाळेच्या गणवेशाच्या खाकी चड्ड्या.

शेवटी मीच हट्ट धरला आणि दोघांना भंडाऱ्याला एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. बसमध्ये जागा होती, पण डोमाजी पुढून मागे, मागून पुढे फिरत राहिले. दोन बायांनी त्यांच्याकडे तिकीट मागितलं.

"झोपेत पाय हलतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मले काय मालूम? मी तं झोपून राहतो," डोमाजी म्हणाले.

मग डॉक्टर काकूंकडे वळले. ही त्यांची चूक झाली. काकू लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झाल्या. बाहेर पेशंट खोळंबले, आतून कंपाउंडर डोकावून गेला, काकू अजून पहिल्या वर्षातच होत्या. "डाक्टरसाहेब, लोकाले वाटते आमचं भांडन हाय. मी सांगत फिरू का, की नवऱ्याशी नाही, नवऱ्याच्या पायाशी हाय म्हून?"

डॉक्टर हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, हा आजार आहे. पुष्कळांना असतो. मशीनमुळे होत नाही, कुठल्या पापामुळे तर नाहीच. रक्तात लोह कमी असलं की वाढतो. रक्त तपासलं, लोह कमीच निघालं. गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, दुपारनंतर चहा बंद.

"मंग जगाचं कायसाठी?" डोमाजींनी विचारलं.

पण परत येताना स्वारी खुशीत होती. साकोलीच्या स्टँडवर उतरल्यापासून दुकानापर्यंत भेटेल त्याला कागद दाखवला. "नाव हाय बावा याले! डाक्टरनं लिवून देल्लं. मी सांगत होतो ना, मी हालवून नाही राहिलो!" दिघोरीच्या त्या मामांनाही फोन लावून कळवलं. मामांनी अभिनंदन केलं आणि कुठे झोपताय तेही विचारून घेतलं.

दोन-तीन महिन्यांत खरोखरच फरक पडला. पाय पूर्ण शांत झाले नाहीत, पण लाथेऐवजी नुसता धक्का बसू लागला आणि चादर ठिगळाविना महिना काढू लागली. तरी डोमाजी दुकानातच झोपत राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "सवय झाली."

एवढ्यात त्यांची मुलगी वर्षा दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सोबत तिची तीन वर्षांची स्वरा. स्वरा पहिल्याच दिवशी आजोबांवर लट्टू झाली. मशीनखाली बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायची आणि आजोबा जिकडे येरझाऱ्या घालतील तिकडे मागे मागे. दुपारी झोपायची वेळ झाली की एकच धोशा, "आबाजवळ झोपाचं." वर्षाला नववा महिना लागलेला, तिला पोरीला कुशीत घेऊन झोपणं जमत नव्हतं. पण डोमाजी ऐकायला तयार नाहीत. पोरगी गादीवर चढली की हे ताडकन उठून उभे. एकदा तर जोरात ओरडले, "जा म्हटलं ना तिकडे!" स्वरा इतकी रडली की तिच्या रडण्यानं माझी बायको पोळपाट टाकून धावली.

वर्षा दारात उभी होती. तिचे डोळे भरून आले. "राहू द्या, बाबा," ती म्हणाली. "तुमी मले तरी कधी जवळ घेतलं? सगळ्याइचे बाप पोरीले थोपटून झोपवत. मले तं तुमचं पांघरून कसं होतं थेही मालूम नाही."

डोमाजींनी कात्री उचलली आणि कोणाचं तरी कापड कापू लागले. संध्याकाळी पाहिलं तर एका शर्टाला तीन बाह्या कापल्या होत्या.

त्याच संध्याकाळी आम्ही तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फिरायला गेलो. डोमाजी भराभरा पुढे चालत होते. एकाएकी थांबले. पाय थांबवून ते बोलतात असं मी कधी पाहिलं नव्हतं.

"गुरुजी, आपली वर्षी अडीच वर्षाची होती," ते म्हणाले. "माह्याजवळ खाटंवर झोपली होती. मी झोपेत लात मारली. खाली पडली, हात मोडला. दीड महिना पलस्तर. एवढुसा हात हो. मी सगळ्याइले सांगतलं, ओट्यावरून पडली म्हून. तिच्या मायलेबी तसंच सांगतलं. दुसऱ्या दिवशी गादी उचलली आन दुकानात आनली." मग पाण्याकडे तोंड करून म्हणाले, "आपला दोष नाही, आपला दोष नाही, असं सगळ्याइले म्हणतो. पण एका लेकराले कसं म्हणू? कोणाले सांगू नोका."

मी कोणालाही सांगितलं नाही. फक्त बायकोला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्षा एका हातात चटई आणि दुसऱ्या हातात स्वरा अशी दुकानात शिरली. मी शर्टाचं माप द्यायला आलो होतो, तो भिंतीला चिकटून उभा राहिलो.

"बाबा, मले ओट्यावरून पडली म्हून सांगतलं होतं तुमी?"

डोमाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी टेपकडे पाहिलं.

"अजून त्या ओट्यावर भिंत धरून चढतो मी!" वर्षा ओरडली. मग तिचा आवाज खाली आला. तिनं हात पुढे केला. "पाहा. कोणता मोडला होता, सांगा. मलेही नाही सांगता येत. रोज पंधरा पोळ्या लाटतो या हातानं."

डोमाजींनी तिचा डावा हात धरला. मनगटाच्या जरा वर, एकाच जागी, अंगठा फिरवत राहिले. त्यांना बरोबर ठाऊक होतं.

वर्षानं चटई पसरली, स्वराला ठेवलं आणि काकूंना हाक मारत घरात निघून गेली. डोमाजी चटईच्या अगदी काठावर, अर्धे फरशीवर, आडवे झाले. "गुरुजी, तुमी जाऊ नोका," ते कुजबुजले. "पायाजवळ बसा. अंगठा हालला का मले उठवा."

मी स्टूल घेऊन बसलो. स्वरा दोन मिनिटांत झोपली. डोमाजी झोपलेच नाहीत. छताकडे डोळे लावून पडून होते. जरा वेळानं डावा अंगठा उचलला गेला. त्यांनी तो उजव्या पायानं दाबून धरला. कपाळावर घाम आला. दोन मिनिटं एका जागी न बसणारा माणूस तासभर तसाच पडून राहिला. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी नुसत्या बोटानं परत पाठवलं.

मग स्वरानं झोपेतच कूस बदलली, गुडघा पोटाशी घेतला आणि आजोबांच्या बरगडीत सणसणीत लाथ हाणली. लगेच दुसरी. मी तिला बाजूला सरकवायला उठलो.

डोमाजींनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी कानांकडे चाललं होतं, तेही त्यांनी पुसलं नाही.

"राहू द्या," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. "लेकरू झोपून राहिलं."