इंदूला बाळापासून दूर ठेवताना

इंदूच्या नाकाखाली दोन फोड आले, तेव्हा डॉक्टरकडे जायचं नाही हे मीच ठरवलं. (त्या आठवड्यात घरात ठरवणारं दुसरं कोणी नव्हतं.) माझी बायको उर्मिला पांढुर्ण्याला सुमनताईकडे, माझ्या बहिणीकडे, बारशाच्या तयारीला गेली होती. सौंसरला मी आणि सहा वर्षांची इंदू. संत्री फार खाल्ली, उष्णता झाली, असं निदान मी केलं. फोड फुटून मधासारखी पिवळी खपली धरली, तरी निदान कायम.

बारशाच्या दिवशी बसमध्ये शेजारी केशवराव म्हणून एक म्हातारे कंपाउंडर बसले होते. इंदूकडे बघून ते हळूच म्हणाले, "हे लागट असते, बाबूजी. हातानं, कपड्यानं पसरते. तान्ह्या लेकराजवळ नेऊ नका हिले."

सुमनताईला लग्नानंतर अकरा वर्षांनी बाळ झालं होतं, तेही अशक्त. मागे फिरावं तर बारशाला मामा नाही. खरं सांगावं तर भाऊजी तापट. शेवटी मी गप्प राहून इंदूवर पहारा करायचं ठरवलं.

इंदू पाळण्याकडे निघाली की मी आडवा. तिला पाणी प्यायला नेलं, अंगणातली कोंबडी दाखवली, गरज नसताना दोनदा मोरीकडे नेलं. नाकाखालच्या खपलीचं कोणी विचारलं, की संत्र्यांची उष्णता सांगितली. ताईचा चेहरा उतरला. पोरीला बाळ दाखवायलाही हा तयार नाही, म्हणजे काहीतरी मानपान चुकला, असं तिनं धरलं. "काहून असा करून राहिला रे?" तिनं विचारलं. इंदू तेवढ्यात पाळण्यापाशी पोचली, म्हणून मी झडप घालून बाळालाच उचललं आणि छातीशी धरून बसलो. अर्धा तास कोणालाच दिलं नाही. ताईचा गैरसमज जावा म्हणून बाळाच्या गालाला गालही लावला.

उर्मिला बाळाला घ्यायला आली आणि थबकली.

"तुमच्या हनुवटीले काय झालं?"

"ब्लेड लागलं."

"मलेही पहिले असंच झालं होतं," इंदू म्हणाली. "बाबा माह्याच टॉवेलानं तोंड पुसते."

मग सगळं सांगावंच लागलं. भाऊजी चप्पल न घालताच डॉक्टरला आणायला धावले. ताईनं रडत बाळाला साबणानं धुतलं. डॉक्टर येऊन गेले, लक्ष ठेवा म्हणाले. पुढचे आठ दिवस मी ऑफिसातून रोज पांढुर्ण्याला फोन लावत होतो. दर वेळी ताई "अजून काही नाही" म्हणायची आणि ठेवून द्यायची. नवव्या दिवशी तिनं आपणहून विचारलं, "इंदू बरी आहे न?" तेव्हा कुठे मला जेवण गेलं.

इंदू तोवर बरी झाली होती. मलम आणायला मी एकटाच दवाखान्यात गेलो. लहान पोरांना होतात त्या फोडांचं मलम म्हटल्यावर चिठ्ठी लिहिणाऱ्यानं वय विचारलं.

"अडतीस."

त्यानं पेन थांबवलं. "तुमचं नाही जी, लेकराचं सांगा."

मी हनुवटी पुढे केली.