झोपेतला पेच

मोटारीत बसलं की मनकर्णेला झोप लागायची आणि झोप लागली की ती स्वप्नात जुजुत्सू खेळायची. घरच्यांना याची सवय होती. आई चतुराबाई तिच्याशेजारी अंथरूण घालत नसे आणि वडील देवमन एका उन्हाळ्यात मच्छरदाणीसकट जमिनीवर आल्यापासून बाज थेट घरामागच्या सांदवाडीत नेऊन टाकत. पण घरातली ही गोष्ट बिचाऱ्या एसटीला कशी ठाऊक असणार?

अमरावतीच्या एका व्यायामशाळेत ही जपानी झुंज शिकवीत. मनकर्णा तिथं गेली होती लाठी फिरवायला. पण एक दिवस गुरुजींनी सहज म्हटलं, "माझं मनगट धर पाहू," आणि ते सोडवून घेता घेता त्यांचा चष्मा, टोपी आणि थोडा अभिमानही खाली पडला. तेव्हापासून ती त्याच वर्गाची झाली. कौंडण्यपूरच्या जत्रेत, पातूरच्या शाळेत, जीपमधून आदळत जाऊन थेट धारणीला, जिथं जिथं ती खेळली तिथं समोरची मुलगी आडवी झाली. चार वर्षांत तिला कुणी हरवलं नव्हतं. तशी पोरगी अगदी गरीब. भाकरी थापताना तंद्री लागून तव्याकडे बघत बसायची. नवे डाव तिला स्वप्नातच सुचत, आणि सकाळी उठून ती ते मैत्रिणींवर करून पाही.

एकसष्ट सालच्या चैत्रात ती अकोल्याला निघाली होती ती वऱ्हाडातल्या मुलींच्या अखेरच्या सामन्याला. जी जिंकेल तिला तिथल्या एका मुलींच्या शाळेत व्यायामशिक्षिकेची जागा मिळणार होती. ती जागा मनकर्णेला जिवापाड हवी होती. न मिळाली तर एक स्थळ तयारच होतं, आणि त्या पाहुण्यांनी आधीच बजावलं होतं की हातपाय धरण्याचे हे खेळ लग्नानंतर बंद.

दुपारची मोटार. चतुराबाईला मळमळतं म्हणून ती खिडकीशी आणि मनकर्णा मधे. बडनेऱ्याला कडेच्या जागेवर खुशालराव येऊन बसले. लाल फेटा, पांढऱ्या मिशा, अंगावर अजून तालमीची मस्ती. उभ्या आयुष्यात त्यांची पाठ कुणी मातीला लावली नव्हती, आणि हे ते विचारल्याशिवायच सांगत. आज त्याच सामन्याला पंच म्हणून त्यांना बोलावलं होतं. शेजारी बसलेली पोर त्यातलीच एक, हे त्यांना माहीत नव्हतं.

बाहेर रिकामी वावरं उन्हात तरंगत होती. निंबाच्या मोहराचा वास खिडकीतून आत येई आणि मोटार पाळण्यासारखी डुले. एकेक करून सगळ्यांच्या माना कलल्या. एका खड्ड्यात मोटार आदळली तेव्हा तोल सावरायला खुशालरावांनी उजवा हात लांब करून समोरची दांडी धरली. मनकर्णेच्या स्वप्नात कुणीतरी नेमका त्याच वेळी हात पुढे केला असावा. तिनं मनगट धरलं, कोपर काखेत घेतलं आणि डोळे मिटल्या मिटल्याच शांतपणे पेच आवळला.

"अवं बाई! हात सोड ना!" खुशालराव ओरडले.

चतुराबाई दचकून जागी झाली. "मायबाई! लागली वाटते कुस्ती."

"कुस्ती? कोनाची?"

"तुमची, दादा. आता हलू नोका. हललं का आवळते थे."

"मंग उठव ना तिले!"

"डावात असली का उठत नाई. तुमी असं करा, तिच्या हातावर हलकीशी थाप मारा. हार मानली अशी खून हाय थे. लगेच सोडते."

खुशालरावांच्या मिशा थरथरल्या. "हार? मी? तालुक्यातले पैलवान मले पाहून रस्ता बदलते, अन् मी एका झोपलेल्या पोट्टीपुढं हार मानू?"

कंडक्टर सहदेव धावत आला. भला माणूस, त्यानं स्वतःच मनकर्णेच्या हातावर थाप मारली. काही नाही. चतुराबाई म्हणाली, "तुमची नाई चालत, भाऊ. ज्याले धरलं त्याचीच थाप खरी. बाकीचे लबाडी करते म्हून गुरुजीनं तसंच शिकवलं हाय."

मग सहदेवनं कुणाच्या तरी सुरईतलं पाणी तिच्या तोंडावर शिंपडलं. मनकर्णेनं खुशालरावांच्या फेट्याच्या शेमल्यानं तोंड पुसलं, "लय घाम आला," असं पुटपुटली आणि पुन्हा खेळात गुंतली.

तेवढ्यात कुरुम जवळ आलं. तिथं जानराव नावाचे गृहस्थ उतरायचे होते. त्यांच्या पोराचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता आणि मांडीवर लाडवांची टोपली होती. सहदेवनं सवयीनं दोरी ओढली. टिंग!

सामन्याची फेरी घंटेनं सुरू होते, हे सहदेवला कसं कळावं? मनकर्णेनं नव्या दमानं पेच घातला आणि खुशालरावांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून पुढच्या बाकावरची कोंबडी टोपलीतून बाहेर आली.

"खबरदार घंटी वाजवसान त!" खुशालराव घामाघूम होऊन म्हणाले.

एका टोल्यानं गाडी थांबायच्या बेतात होती. पण थांबल्यावर निघायला पुन्हा दोन टोले द्यावे लागणार! सहदेव घाबरला. त्यानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ड्रायव्हर रामरावांना 'चाला, चाला' असा हात केला. रामरावांनी गाडी पळवली. जानरावांचं कुरुम मागं गेलं, वेशीवर उभी असलेली त्यांची मंडळी मागं गेली.

"अरे थांबवा! मी नवरदेवाचा बाप हाव!" जानराव किंचाळले.

"थांबवतो, पन ह्या दादाईचा हात तुटला त तुमी जबाबदार," सहदेव म्हणाला. जानराव हात बघायला म्हणून जवळ आले आणि तिथंच बसले. मूर्तिजापूरच्या स्टँडवर त्यांना परतीची गाडी मिळत होती, पण त्यांनी नुसता लाडू फोडून तोंडात टाकला. "साक्षगंध काय, बाया मानसं करून घेतीन," ते म्हणाले. "हे कसं सुटते थे पाहून जातो."

स्टँडवर खिडक्यांशी ही गर्दी! कुणी म्हणालं डॉक्टर आणा, कुणी म्हणालं पोलीस आणा. "पोलीस आनसान त पेपरात येईन," खुशालराव दात आवळून म्हणाले आणि डाव्या हातानं त्यांनी दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं. चतुराबाई काकुळतीला आली. "दादा, एक थाप मारा ना. कोनाले सांगतो का आमी?"

"मले त मालूम राहीन ना, बाई!"

मोटार घंटेशिवाय, सहदेवच्या हातवाऱ्यांवर पुढं निघाली. उपरण्याखाली खुशालरावांचा हात बधिर होत गेला, तसं त्यांना दुखेनासंही झालं. शेजारची पोर लेकरासारखी संथ श्वास घेत होती. बोरगाव गेलं. ऊन कललं. अकोला दिसू लागलं तेव्हा मनकर्णेनं झोपेतच एक लांब सुस्कारा सोडला आणि पेचही सोडला. डोळे चोळत तिनं विचारलं, "काका, अकोला आलं का वो?"

"आलं पोरी," खुशालराव म्हणाले. आणि तिच्या डोक्यावरून सगळ्या मोटारीला त्यांनी असे डोळे वटारले की कुणी जन्मात ब्र काढू नये.

संध्याकाळी मैदानावर मोटारीतली माणसं झाडून हजर होती. जानराव तर टोपलीसकट पहिल्या रांगेत. लाल पट्टा बांधून मनकर्णा पंचाच्या उजव्या हाताला उभी राहिली, तेव्हा खुशालरावांना उलगडा झाला. डावीकडे अकोल्याची शालू, निळ्या पट्ट्यात. मोठी चिवट मुलगी. दोघी अशा खेळल्या की लोकांना श्वास घ्यायची आठवण राहिली नाही. वेळ संपली, हार कुणीच मानली नव्हती. निकाल पंचावर आला; ज्या बाजूचा हात तो उचलील त्या बाजूची मुलगी जिंकली. मनकर्णा दोन डावांनी सरस होती, हे खुशालरावांनी नीट पाहिलं होतं.

त्यांनी उजवा हात उचलला. म्हणजे उचलायचं मनात आणलं. हात ओल्या गोणपाटासारखा लोंबत राहिला. लोक ताटकळले. 'जरा थांबा' असं खुणावायला त्यांनी डावा हात वर केला.

झालं! टाळ्यांचा कडकडाट, बँड सुरू, शालूच्या गळ्यात हार. खुशालराव "नाई, नाई" म्हणत सामन्याच्या चिटणिसांकडे धावले.

"खुशालराव, पंचाचा हात उठला म्हनजे उठला," चिटणीस म्हणाले. "पंच सोताच खेळवाच्या लायक नव्हता, असं त्यानं चारचौघात सांगतलं, तरच निकाल फिरते."

खुशालरावांनी मागं पाहिलं. मनकर्णा रडत नव्हती. पट्टा सोडून त्याची घडी घालत होती, पुन्हा कधी उघडायचा नसलेल्या कापडाची घालावी तशी सावकाश. चतुराबाईनं त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि मान खाली घातली. मोटारभर माणसं गप्प होती. ते वटारलेले डोळे कुणी विसरलं नव्हतं ना!

खुशालरावांनी भोंग्यासमोर जाऊन घसा खाकरला. "राजेहो, लाल पट्टा जितला. माहा उजवा हात उठत नाई म्हून डावा उठला. अन् तो काहून उठत नाई, त ह्याच पोरीनं बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत मले धरून ठेवलं होतं. झोपेत. मी हरलो."

मग जानराव उठून ओरडले, "खरं हाय! माह्या पोराचं साक्षगंध गेलं ह्याच्यापायी!" आणि जे हसू फुटलं ते बँडलाही आवरेना. हसण्यात खुशालरावही सामील झाले, पण जरा उशिरानं. शालूनं आपल्या गळ्यातला हार काढून मनकर्णेला घातला. शाळेच्या मुख्याध्यापिका लीलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "झोपेत इतकं करते, तर जागेपणी काय शिकवील! सोमवारपासून या."

माणसं पांगल्यावर मनकर्णा खुशालरावांजवळ आली. त्यांच्या हाताला तेल चोळता चोळता हळूच म्हणाली, "काका, तुमी हरले कुठी? मोटारीत सपन पडलं होतं मले. एक मानूस होता, पांढऱ्या मिशांचा. किती आवळलं, पन हारच मानत नोयता. शेवटी मीच थकली. मीच थाप मारली अन् सोडलं. हरली त मी."

खुशालराव तिच्याकडे वळले. "काय म्हनतं! मंग हे मघाशी काहून नाई सांगतलं?"

"कोनी इचारलं मले? थांबा, लीलाबाईले सांगून येतो."

"बस खाली!" खुशालरावांनी डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. भोंगा अजून तिथंच होता, लोकही हाकेच्या अंतरावर होते. त्यांनी तिकडे एकदा पाहिलं, मग तिचं मनगट सोडून मिशांवरून हात फिरवला. "सोमवारी शाळेत जायचं हाय तुले. त्या सपनातल्या मानसाले म्या वळखतो. तो कोनाले सांगत नाई."