बंकटकाकांचा पोपटाचा डबा

आमचे शेजारी बंकटकाका डबा विकत घेताना डोळे गच्च मिटून घेतात. साधा डबा नव्हे. जुना, नक्षीचा, कुणाच्या तरी आजेसासूच्या काळातला. घाटनांदूरच्या बाजारात एक भंगारवाला बसतो. त्याच्यापुढे उकिडवं बसून काका डबा हातात घेतात आणि झाकणावरून, कडांवरून बोटं फिरवत राहतात. भंगारवाला वैतागतो, "आँखां मीच के क्या देखरे, चाचा?" काका झाकण उघडून आतूनही चाचपतात. पटला तर पिशवीत टाकतात, नाही पटला तर "गुळगुळीत हाय" म्हणून परत ठेवतात.

एकदा अस्सल बिदरी कामाची, चांदीची तार बसवलेली डबी मी स्वतः शोधून दिली. मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिल्यापासून जुन्या वस्तूंतलं मला फार कळतं, अशी माझी समजूत होती. काका म्हणाले, "दिसाया लई भारी हाय सर, पण हाताला काईच लागत न्हाई." त्या दिवशी मी आमच्या सिरसाळ्यात घरोघर सांगितलं की म्हातारा कामातून गेला.

काका रिटायर्ड कंडक्टर. पस्तीस वर्षं गाडीत लोकांना जागेवर बसवून त्यांच्या तोंडी एकच वाक्य राहिलंय, "जागा सोडायची न्हाई!" हे वाक्य आता डब्यांना लागू आहे. स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या फळीवर डबे रांगेत बसलेले. पितळी पानदानाच्या कप्प्यांत मोहरी-जिरं. हत्तीच्या मुठीच्या डब्यात साखर. फणी-कुंकवाच्या जुन्या फणेरपेटीत काड्यापेट्या आणि काकांच्या बीपीच्या गोळ्या. अत्तरदानात हिंग. त्या अत्तरदानाच्या मूळ मालकिणीला हे कळलं तर ती कुठं असेल तिथून उठून येईल, असं मी काकांना म्हणालोही. काका म्हणाले, "येऊ द्या. पर जागा सोडायची न्हाई!"

कुणी डबा उचलून पाहिला आणि दोन बोटं इकडंतिकडं ठेवला, की काका लगेच उठून सरळ करणार. कुसुमकाकू तेवढ्यापुरतं हातातलं काम थांबवायच्या. मला वाटायचं, बिचारी नवऱ्याच्या वेडापुढे हात टेकून बसलीय. मी वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराचं लक्ष कुठं आहे ते फळ्याकडे तोंड करून सांगतो, अशी माझी ख्याती आहे. म्हणजे मीच ती पसरवली आहे.

तर गेल्या दिवाळीत काकांच्या घरी सगळे डबे घासूनपुसून उन्हाला घातले होते. त्या गडबडीत काकांनी हाताला लागेल तो डबा घेतला, त्यात शंकरपाळे भरले आणि आमच्याकडे पाठवले. शिसवी लाकडाचा डबा. झाकणावर कोरलेला पोपट, चोच चांगली बोटभर वर आलेली. शंकरपाळे दोन दिवसांत संपले. डबा मात्र मला परत देववेना.

दुसऱ्याच दिवशी काका दारात. "सर, डबा तेवढा…"

"काका, रिकामा कसा देऊ? काहीतरी घालून देतो की."

शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत माझ्या मदतीला धावून आली. ती मी पुढे अडीच महिने पुरवली. डबा टीव्हीशेजारी ठेवून त्यात चष्मा आणि घड्याळ ठेवू लागलो. आल्यागेल्याला सांगायचो, "आमच्या आजोबांचा. निजामाच्या वेळचा." आमचे आजोबा निजामाच्या वेळी एका लुगड्याच्या झोळीत झोपत होते, हे बायकोनं पाहुण्यांसमोर सांगितलं, तेव्हा कुठं मी ते थांबवलं.

काका दर दोन दिवसांनी येत. रागावत नसत, पण त्या डब्यात त्यांचा जीव अडकलेला आहे, हे दिसत होतं. "दुसरा देतो सर. त्यो तेवढा द्या. त्याची जागा रिकामी हाय." आणि त्याच दिवसांत काकूंच्या हाताची चव गेली. त्यांच्याकडून वाटीभर आमटी यायची, ती कधी अळणी, कधी खारट. मी बायकोला म्हणालो, "म्हातारपण आलं, दुसरं काय." तिनं एकदा माझ्याकडे आणि एकदा पोपटाकडे पाहिलं. म्हणाली, "उद्या रविवारी त्यांनी जेवायला बोलावलंय. डबा घेतल्याशिवाय गेलात, तर घरात येऊ नका."

रिकामा नेता येत नव्हता. संक्रांतीच्या लाडवांतली पिठीसाखर उरली होती, तीच डब्यात भरली. अडीच महिने दाबून ठेवलेला डबा तोंड वर करून हातात कसा द्यायचा? म्हणून काका हात धुवायला गेलेले पाहून मी स्वयंपाकघरात शिरलो आणि फळीवरच्या मोकळ्या जागी गुपचूप ठेवला. चुलीपाशी काकू माझ्याकडे पाठ करून होत्या. "काकू, डबा जागेवर ठेवलाय," एवढंच म्हणून सटकलो. काकूंनी फळीकडे हात नेला. बोटं पोपटाच्या चोचीवर टेकली. "आला का माझा पोपट!" म्हणून त्या केवढ्या हसल्या.

पानं वाढली. बाजरीची भाकरी, ठेचा आणि वाफाळतं पिठलं. मी पहिला घास घेतला आणि खो खो हसलो.

"काकू, पिठल्यात साखर! नजर कुठं होती तुमची?"

कुणीच हसलं नाही. काकू चुलीपाशी होत्या तिथंच थांबल्या. त्यांनी फळीवरचा डबा दोन्ही हातांनी खाली घेतला, झाकण काढलं, चिमूट जिभेवर ठेवली. डबा डोळ्यांजवळ नेला नाही. मग तो पुन्हा बरोबर जागेवर ठेवला. काका शांतपणे म्हणाले, "गोड हाय, मग काय झालं? मला लई आवडलं. वाढ अजून." आणि त्यांनी भाकरी मोडून ते पिठलं खाल्लं. पुन्हा मागून घेतलं. मीही खाल्लं. पान भाकरीनं पुसून घेतलं.

जेवणं झाल्यावर काकांनी मला अंगणात नेलं.

"दोन वर्सं झाली, सर. तिला कडंकडंचं दिसतं थोडं, मधलं समदं गेलं. परत येणार न्हाई म्हणले डागदर. स्टीलचे डबे हाताला समदे सारखेच लागत्यात. पोपटाच्या डब्यात मीठ असतंय, तिनं त्योच हुडकला. भरलेला लागला, तवा मीच आधी मीठ भरून ठिवलं असंल, असं वाटलं तिला."

"काका, सांगायचं तरी!"

"कावून सांगायचं? सैपाक कुणाच्या हाती द्यायचा न्हाई म्हणती ती. लोकांनी तिची कीव करण्यापरीस मला येडा म्हणलेलं बरं हाय की."

मला माझी लाज वाटली. साधीसुधी नाही, घरी जाऊन टीव्हीशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघवेना, इतकी वाटली.

पुढच्या आठवड्यात मी घाटनांदूरला गेलो. भंगारवाल्यापुढे उकिडवा बसलो आणि डोळे मिटले. बाजारात शाळेची चार पोरं आणि एक पालक होते. सगळ्यांनी पाहिलं. "मास्टर, तुमको भी चाचा की बीमारी लगी क्या?" भंगारवाला म्हणाला. मी म्हणालो, "हो." तिसऱ्या डब्याला बोटं थांबली. पितळी झाकण, वर उठावाची मासोळी, खवला न् खवला हाताला लागत होता.

तो डबा मी काकूंकडे रिकामाच नेला. आत काय ठेवायचं हे ठरवणारा मी कोण? काकू उंबऱ्यात बसल्या होत्या. डबा मांडीवर घेऊन त्या किती तरी वेळ बोटं फिरवत राहिल्या. डोळे उघडेच होते, पण बघत नव्हते, आणि हे माझ्यापासून लपवायचं त्यांनी पहिल्यांदाच सोडून दिलं होतं.

"मासोळी हाय," त्या म्हणाल्या.

"हो काकू. काय ठेवणार ह्यात?"

"पिठीसाखर ठिवते, सर. म्हंजी पुन्हा कुणाकडून जागा चुकायची न्हाई."