बॅनरवरचे डोळे

मालतीबाई गुरुवारी सकाळी मासळी घेऊन घरी आल्या, पिशवी ओट्यावर ठेवली आणि बाहेरच्या खोलीत मोबाइल बघत बसलेल्या मुलाला म्हणाल्या, "केतन, नाक्यावर तुझा बॅनर लागलाय. मस्त हाय. पन त्याच्यावर तो कोन हाय?"

"कोण म्हणजे? मीच आहे."

"नाव तुझा हाय," मालतीबाई बोंबील मोजत म्हणाल्या. "पोऱ्या कोनाचा हाय ता समजत नाय."

केतन चपला न घालताच नाक्यावर पळाला. रविवारी त्याचा बत्तिसावा वाढदिवस होता. महापालिकेत गेलेल्या करावे गावात वाढदिवस दोन प्रकारचे असतात, एक नुसता केक कापायचा आणि दुसरा बॅनर लावायचा. केतन गेली सहा वर्षं दुसऱ्या प्रकारात मोडत होता. बॅनरवर त्याच्या नावाखाली 'भावी नगरसेवक' असं लिहिलेलं असे. या सहा वर्षांत निवडणूकच न झाल्यामुळे त्याचं भावीपण जराही जुनं झालं नव्हतं. पण आता निवडणूक खरोखरच तोंडावर आली होती. केतन ज्यांच्या गटात होता ते मधुकरशेठ रविवारी संध्याकाळी वाढदिवसाच्या स्टेजवरून तिकीट कोणाला ते सांगणार होते. त्यामुळे यंदाचा बॅनर महत्त्वाचा होता.

बॅनर वीस फुटी होता. कुर्ता केतनचा होता, मिशी त्याचीच होती, पण चष्मा गायब होता. चष्म्याच्या जागी दोन मोठे, पाणीदार, कुणाच्याही बापाला न घाबरणारे डोळे होते. केतनने तिथूनच अल्तमशला फोन लावला. अल्तमश म्हणजे गावातल्या समस्त भावी मंडळींचे बॅनर करणारा डिझायनर.

"केतनभाई, तुमच्या चष्म्यावर फ्लॅश मारला होता," अल्तमश शांतपणे म्हणाला. "डोळ्यांच्या जागी दोन ट्यूबलाइटी दिसत होत्या. म्हणून चष्मा उडवला. तर खाली कायच नाय. मग डोळे टाकले."

"कोणाचे?"

"फोल्डरमध्ये होते एक. भारी आहेत भाई, एकदम एचडी."

केतनने चष्मा शर्टाला पुसून पुन्हा वर पाहिलं. डाव्या भुवईत मधोमध एक चीर होती. अशी चीर अख्ख्या गावात एकाच माणसाला होती. दहीहंडीच्या पाचव्या थरावरून पडलेल्या दिलीपला! हा दिलीप म्हणजे विरुद्ध गटाचा, अरविंदशेठचा माणूस आणि तोही भावी नगरसेवकच. दोन्ही गटांची एकमेकांशी बोलाचाली नव्हती, पण डिझायनर एकच होता.

"काढून टाक सगळे!" केतन ओरडला.

"बावीस लागलेत भाई. पार सीवूड्स स्टेशनपर्यंत."

तेवढ्यात मधुकरशेठचाच फोन आला. केतनने मान खाली घालून तो घेतला.

"अरे, काय बॅनर हाय!" शेठ म्हणाले. "आता तू नेता दिसतंस. चष्म्यान तू पतपेढीचा क्लार्क वाटतंस, खरा सांगतो. रविवारी असाच आला पायजेस. चष्मा नको. समजला?"

"हो शेठ," केतन म्हणाला. सहा वर्षांत त्याने शेठना दुसरं काहीच म्हटलं नव्हतं.

खरी पंचाईत पुढेच होती. केतनला चष्मा तिसरीपासून होता आणि नंबर होता उणे आठ. चष्मा काढला की समोर माणूस आहे की विजेचा खांब, हे त्याला हात लावून ठरवावं लागे. आता दोनच मार्ग होते. चष्मा ठेवायचा आणि तिकिटावर पाणी सोडायचं, नाहीतर डोळ्यांत लेन्स घालायची. लेन्सचा विचार त्याने कॉलेजात केला होता आणि मुलगी बघायला जाताना तर दोनदा केला होता. दर वेळी आपलंच बोट आपल्याच डोळ्याकडे येताना पाहून त्याने चष्म्याच्या बाजूने कौल दिला होता.

त्याने तो प्रश्न रात्री जेवताना वडिलांपुढे मांडला. गोटीरामांचं म्हणणं सरळ होतं.

"डोल्यान कचरा गेला तर मानूस बोंबलतो. तू दुकानान जाऊन मुद्दाम घालतंस?"

"बाबा, कचरा नाही, लेन्स असते. पातळ."

"मना दोन वर्सां सगला धुक्यान दिसतं. मी कवा कटकट केली?"

"तुमचं मोतीबिंदूचं असेल. सांगितलंय ना, इलेक्शन झालं की मी गावात शिबिर घेणार आहे."

"दोन वर्सां तोच शिबिर खातोय मी," गोटीराम म्हणाले आणि भाकरीचा तुकडा ताटात चाचपून कालवणात बुडवला.

केतन रात्रभर तळमळला आणि शुक्रवारी सकाळी सीवूड्सच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन बसला. दुकानातली सना मूळची श्रीवर्धनकडची. डोळे तपासण्यात हुशार आणि बोलायला फटकळ. तिने डोळे तपासले, लेन्स काढली, हात कसे धुवायचे ते दाखवलं आणि केतनला आरशासमोर बसवलं. पुढची पन्नास मिनिटं दोघांची चांगलीच परीक्षा झाली.

"केतनभाई, डोळा मिटू नका."

"मी नाही मिटत. तो मिटतो."

"मग त्याला समजवा. लोकांना समजवता ना, घाबरू नका, मी आहे म्हणून? तसं."

"लोक ऐकत नाहीत माझं."

"ते दिसतंय," सना म्हणाली आणि त्याच्या पापण्या दोन बोटांनी फाकवून लेन्स बसवून मोकळी झाली. "आता नीट ऐका. पहिले काही दिवस चार-चार तासच. धुळीत जायचं नाही. आणि तिखटाचा हात डोळ्याजवळ न्यायचा नाही."

केतनचं लक्ष नव्हतं. तो आरशात बघत होता. आपल्या नाकावर चष्म्याचे दोन खड्डे पडले आहेत, हे त्याला चोवीस वर्षांत पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं.

शनिवारी तो लेन्स घालून गावभर फिरला. दोन चुलत्यांनी त्याला ओळख दिली नाही आणि एका मावशीने कुरियरवाला समजून आपलं आधार कार्ड आलं का म्हणून विचारलं. चष्म्यामुळे ओळखणारे आता ओळखेनात आणि बॅनर पाहून ओळखतील म्हणावं, तर डोळे दिलीपचे. अशा वेळी कसलेला कार्यकर्ता जे करतो तेच केतनने केलं. त्याने समाजकार्य काढलं. सनाच्या दुकानात जुने चष्मे दान करण्याची पेटी होती. त्यात त्याने आपला एकुलता एक चष्मा चार जणांच्या साक्षीने टाकला, फोटो काढून घेतला आणि 'केतनदादांचे दृष्टिदान' असं लिहून सगळ्या ग्रुपवर पाठवून दिला.

"एखादा जवळ ठेवा, अडीअडचणीला," सना म्हणाली. "हे चष्मे मला उद्याच वाटायचेत. तुमच्याच गावात..."

"दिला म्हणजे दिला," केतन म्हणाला. फोटोला किती अंगठे आले ते तो मोजत होता, त्यामुळे वाक्याचा पुढचा भाग हवेत विरला.

रविवारी दुपारी मालतीबाईंनी दोनशे माणसांचं मटण रांधलं. उत्सवमूर्तीने मीठ बघायचं असतं म्हणून पहिली वाटी केतनला दिली. त्याने बोटं चाटूनपुसून मीठ बघितलं आणि साबणाने हात धुतला. पण आगरी मसाला साबणाला जुमानत नाही. संध्याकाळी सहा वाजता नवा कुर्ता चढवताना त्याचा डावा डोळा जरासा खाजला, म्हणून त्याने बोट लावलं.

त्याची किंकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी ऐकली. डाव्या डोळ्याचं काय झालं ते बघायला त्याने उजवा चोळला आणि मग दोन्ही डोळ्यांत आग पेटली. तो बेसिनवर वाकून पाण्याचे हबके मारत सुटला. पाचव्या हबक्याला डावी लेन्स गेली, सातव्याला उजवी. दोन्ही जोडीने नळीतून खाडीच्या दिशेने रवाना झाल्या.

"सनाला फोन लाव!"

"उचलत नाय ती," मालतीबाई म्हणाल्या. "दुकान पन बंद हाय बोलतान. तुझा जुना चष्मा कय हाय?"

सकाळपर्यंत त्या दानाला तीनशे बारा अंगठे आले होते.

"चल, मी नेतो तुला," गोटीराम म्हणाले. "चार पावलां तर जायाचाय." या बोलण्यात केतनला फक्त पित्याची माया दिसली. दिसण्याच्या बाबतीत त्याची तेव्हाची परिस्थिती पाहता ते स्वाभाविक होतं.

गोटीरामांच्या खिशात मात्र एक टोकन होतं, नंबर एक्केचाळीस. करावे गावात मैदान एकच. त्याच्या एका टोकाला केतनच्या वाढदिवसाचं स्टेज होतं आणि दुसऱ्या टोकाला त्याच संध्याकाळी अरविंदशेठच्या गटाने मोफत नेत्र तपासणी शिबिर ठेवलं होतं. गोटीराम मुलाच्या शिबिराची दोन वर्षं वाट बघून थकले होते. त्यांनी गुपचूप विरोधकांकडे नाव नोंदवलं होतं. आता मुलगा आंधळा झालाच आहे, तर त्याला कळणार नाही, असा साधा हिशोब त्यांनी केला. ते मुलाला हाताला धरून थेट शिबिराच्या मांडवात घेऊन गेले.

"दोन मिनटां हितंच उभा ऱ्हा. आलोच," म्हणून ते आत डॉक्टरांकडे गेले.

केतन उभा राहिला. समोर पिवळा उजेड होता. वर एक भलामोठा बॅनर होता आणि त्यावर कुणाचं तरी तोंड होतं. अल्तमशचे सगळे बॅनर सारखेच असल्यामुळे ते आपलंच, असं त्याने गृहीत धरलं. स्टेजवर पांढरेशुभ्र कपडे, सुटलेलं पोट आणि सोन्याची जाड साखळी असा एक धूसर आकार बसला होता. म्हणजे शेठ आलेच! वडिलांची वाट बघत बसलो तर शेठ ताटकळतील, असं त्याला वाटलं. तो चाचपडत पायऱ्या चढला आणि त्या आकारासमोर लोटांगण घालून त्याने दोन्ही पाय घट्ट धरले.

त्याच्या डोळ्यांतून अजून मसाल्याच्या धारा लागल्या होत्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "पश्चात्ताप झाला बिचाऱ्याला," आणि पंचवीस मोबाइल एकदम वर झाले.

त्या आकाराने त्याला उठवून छातीशी धरलं, त्याच्या गळ्यात गटाचं उपरणं घातलं आणि हातात माइक दिला. तिकीट जाहीर व्हायच्या आधी आपल्याला बोलायला दिलंय, म्हणजे काम झालं, असं केतनला वाटलं. सहा वर्षांचं मन त्याने एका वाक्यात मोकळं केलं.

"शेठ, तुम्ही म्हणाल ते. आजपासून हा केतन डोळे झाकून तुमच्या मागे आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या ओसरल्या तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून लाउडस्पीकरवर खणखणीत आवाज आला. "अरे, केक आला, मी आलो, मेणबत्त्या विझायला आल्या. केतन कय हाय?"

आवाज मधुकरशेठचा होता. शेठ तिकडून बोलतायत, मग हे पाय कुणाचे?

"याच्या डोळ्यांचा आधी काय ते बघा रे," शेजारचा आकार मायेने म्हणाला. "मॅडमना बोलवा."

मॅडम आल्या. "यांचा नंबर तपासायला नको," सनाचा आवाज आला. "मला पाठ आहे. आणि चष्मापण तयार आहे. उणे आठ कुणालाच लागेना, मघापासून पडून होता."

त्या आकाराने तो चष्मा घेतला आणि समारंभपूर्वक केतनच्या नाकावर चढवला. चष्मा आपल्या जुन्या खड्ड्यांत अचूक बसला आणि केतनला एकदम सगळं जग दिसलं. समोर अरविंदशेठ हसत होते. वर 'भव्य मोफत नेत्र तपासणी शिबिर' असं लिहिलं होतं. शेजारी दिलीप उभा होता आणि बॅनरवरचे तेच दोन डोळे आता त्याच्या चेहऱ्यावरून केतनकडे खाऊ की गिळू असे बघत होते. मैदानापलीकडे मधुकरशेठ प्लास्टिकची सुरी हातात धरून सगळं पाहत होते.

तेवढ्यात आतून गोटीराम बाहेर आले. "पोऱ्या, मोतीबिंदू हाय! मंगलवारी फुकट काढतान!" त्यांनी आनंदाने सांगितलं आणि मग मुलाच्या गळ्यातलं उपरणं हाताने चाचपून विचारलं, "ह्या काय?"

केतनने तोंड उघडलं, पण दिलीप त्याच्याही आधी हलला. तो ताडताड स्टेज उतरला, मैदान ओलांडून पलीकडच्या स्टेजवर चढला आणि मधुकरशेठच्या पाया पडला. त्याला सगळं लख्ख दिसत होतं, एवढाच काय तो फरक. मधुकरशेठनी तिथल्या तिथे त्याच्याकडून केक कापवून घेतला. पहिला घास त्यांनी त्याला भरवला तेव्हा केकवरचं 'केतन'मधलं 'के' दिलीपच्या पोटात गेलं.

सोमवारी दोन्ही तिकिटं जाहीर झाली. मधुकरशेठकडून दिलीप आणि अरविंदशेठकडून केतन. गावाला फारसा फरक पडला नाही. दोनशे माणसांचं मटण तेवढं त्याच रात्री दोन्ही गटांनी मिळून संपवलं होतं, त्याची आठवण मात्र लोक अजून काढतात. अरविंदशेठनी केतनला एकच ताकीद दिली. "चष्मा काढायचा नाय. तो आमच्या शिबिराचा हाय." लेन्सचा प्रश्न असा कायमचा सुटला.

मागे अरविंदशेठचा फोटो असलेला नवा बॅनर लागल्यावर केतनने आधी भुवई बघितली आणि अल्तमशला फोन केला.

"अरे, चष्मा बरोबर आहे. पण आतले डोळे परत त्याचेच?"

"फ्लॅशचा प्रॉब्लेम भाई. आणि तुम्ही बिनधास्त वापरा. दिलीपभाऊंनी नव्या बॅनरला गॉगल लावलाय, त्यांना आता डोळे लागत नाहीत."

केतन घरी आला तेव्हा मालतीबाई नुकत्याच मासळी घेऊन आल्या होत्या.

"नवीन बॅनर पायला," त्या पिशवी ओट्यावर ठेवत म्हणाल्या. "चष्मा बघितला न लगेच वलखला, माझाच पोऱ्या." मग बोंबील मोजता मोजता थांबून त्यांनी विचारलं, "पन तुझ्या मागं तो शेठ कोन हाय?"