डॉ. कारखानिसांचा सिनेटर

लंडनजवळच्या आमच्या हॅरोतल्या एखाद्या घरात राणीचा फोटो असला तर समजू शकतं. आमचे शेजारी डॉ. कारखानीस यांच्याकडे, देव्हाऱ्याच्या अगदी शेजारी, एक टकला अमेरिकन सिनेटर होता. चांगला चौकटीत! वहिनी पूजेआधी त्याचं तोंड भिंतीकडे करायच्या आणि डॉक्टर सर्जरीतून, म्हणजे तिकडच्या दवाखान्यातून, आले की ते पुन्हा सरळ करायचे. ऐंशीच्या दशकातली बरीच वर्षं हे असंच चाललं होतं.

सिनेटर पक्का मवाळ. करवाढीला अर्धा विरोध, शस्त्रांना अर्धा पाठिंबा. आज स्वतःच्या पक्षाविरुद्ध मत द्यायचा, उद्या विरोधकांविरुद्ध. "व्हॉट अ बॅलन्स्ड मॅन!" डॉक्टर उचंबळून म्हणत. "अरे, दोन्ही बाजूंचं बरोबर असतं!" हे त्यांचं पालुपद. पेशंटलासुद्धा ते गोळी घेण्याचे आणि न घेण्याचे फायदे सारख्याच प्रेमाने सांगत. पेशंट बिचारे घरी जाऊन आपले आपण बरे होत.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत तर डॉक्टरांनी कहरच केला. चतुर्थी मंगळवारी, शाळेचा हॉल मिळणार शनिवारी. तिथीवाले आणि हॉलवाले हातघाईवर आले. डॉक्टर उठले. "असं करू, अर्धी प्राणप्रतिष्ठा मंगळवारी, उरलेली शनिवारी!" एकमेकांचं तोंडही न पाहणारे दोन्ही गट तत्क्षणी एक झाले आणि त्यांनी मिळून डॉक्टरांनाच अध्यक्षपदावरून काढलं. "बघ, झाली की नाही एकी?" घरी येताना ते मला म्हणाले. खूश होते हो, खरोखर!

पण हा सिनेटरच का? तर त्यांचा अजित त्याच्याच राज्यात राहायचा. त्याने तिकडे न सांगता लग्न केलं, तेव्हापासून वहिनी त्याच्याशी बोलत नव्हत्या. सिनेटरच्या बातम्यांतून डॉक्टरांना मुलाच्या गावचं बर्फ, रस्ते, संप, सगळं कळे. रविवारी दुपारी अजितचा फोन आला की त्याला म्हणत, "आई विचारतेय, वेळेवर जेवतोस ना?" मग वहिनींना, "तो विचारतोय, गुडघा कसा आहे?" एकदा मला म्हणाले, "दोघंही काही विचारत नाहीत रे. मीच दोन्हीकडून विचारतो." मला फार वाईट वाटलं.

एका वर्षी सिनेटरचा पत्ता कटला. त्याच्याच पक्षाने त्याला उमेदवारी नाकारली. त्या रविवारी मी त्यांच्याकडेच होतो. फोन वाजला. डॉक्टर "हं... हं..." एवढंच म्हणाले आणि रिसीव्हर धरून गप्प उभे राहिले.

मेथी निवडता निवडता वहिनींनी थोडी वाट पाहिली.

"का हो? आज मी काही विचारत नाहीये वाटतं?"

वहिनींनी उठून रिसीव्हर काढून घेतला.

"अजित, आई बोलतेय. बाबा कालपासून नीट जेवले नाहीयेत. तू सांग त्यांना. आणि लिंडा उठली असेल तर तिला दे फोन."

सुनेचं नाव वहिनींच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. डॉक्टर वहिनींच्या जागेवर जाऊन बसले आणि डोळे पुसत पुसत मेथी निवडायला लागले.